जरा सरकून घे

पूर्णिमा रागावली की आधी तवा वाजायचा, मग परात, आणि मग ती स्वतः. बिद्रीच्या अलीकडं, कारखान्याच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात हा क्रम सगळ्यांना पाठ होता. शेजारचे आण्णा तर दाढी करता करता तव्याचा आवाज ऐकून सांगायचे, "आज कृष्णाताचं काय खरं न्हाय." पण त्या माघात ती रागावली तेव्हा तवा वाजला नाही की परात वाजली नाही. ती दारात उभी राहून नवऱ्याच्या जीपकडं नुसती बघत राहिली. आण्णांनी दाढी अर्धी टाकली आणि घरात जाऊन कडी लावली.

हा राग समजून घ्यायचा तर आधी ती जीप समजून घ्यायला पाहिजे. कृष्णात वडापवाला. बिद्री ते कोल्हापूर गाडी पळवायची, वाटेत जो हात करील त्याला घ्यायचं, आणि गाडी भरल्याशिवाय जागची हलवायची नाही. नऊ माणसांच्या जागेत चौदा बसवायची आणि पंधरावा आला तर त्याला नाही म्हणायचं नाही. रिकामी जागा कृष्णाताला बघवायचीच नाही. मयताला निघाला तरी दोघं-चौघं गोळा करून जायचा. "मोकळी गाडी उडती," म्हणायचा. "माणसं भरली की कशी दाबून चालती."

त्याचं लग्न मुरगूडला झालं, त्याला सत्तावीस वर्षं झाली. वरातीच्या गाडीचं स्टेअरिंग नवऱ्या मुलाच्याच हातात, कारण दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायला त्याचा जीव होईना. मुंडावळ्या डोळ्यांवर येतात म्हणून त्यानं त्या काढून आरशाला बांधल्या. गाडी मुरगूडच्या बाहेर पडते न पडते तोवर एका बाईनं हात केला. तिच्या काखेत कोंबडी. गाडी थांबली. मग नवऱ्यानं नवरीकडं वळून बघितलं आणि तिच्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलला, "जरा सरकून घे."

पूर्णिमा सरकली. कोंबडीनं शालूवर जे करायचं ते केलं.

लग्नानंतर जोडीनं जोतिबाला गेली, ती अकरा माणसांत. पुढं तिनं महाबळेश्वर काढलं, तर त्या गाडीत पतसंस्थेचे विजयसिंह सहकुटुंब आणि त्यांची सासू. ऋतुराजाच्या वेळी कळा सुरू झाल्या आणि कृष्णात तिला घेऊन कोल्हापूरला सुसाट निघाला. सुसाट म्हणजे, इस्पुर्लीला कॉलेजची दोन पोरं घेतली आणि पुढच्या फाट्यावर एक पेन्शनर मास्तर घेतले. पूर्णिमा मागं "आई गं" म्हणून ओरडतेय आणि हा खिडकीतून "कोल्लापूर, कोल्लापूर" ओरडतोय. मास्तर चढले तसं यानं मागं मान वळवून सांगितलं, "जरा सरकून घे." मास्तर भला माणूस. त्यांनी आधी पूर्णिमाकडं बघितलं, मग कृष्णाताकडं बघितलं, आणि भर रस्त्यात त्याच्या कानाखाली एक वाजवून खाली उतरले. तेवढ्यापुरतं पूर्णिमाच्या कळा थांबल्या म्हणतात.

ती भांडायची नाही असं नाही. कचाकचा भांडायची. पण कृष्णात भांडणाला हाताशी लागायचाच नाही. हसायचा, तंबाखू मळायचा आणि "आगं माणसंच हायत की ती" म्हणायचा.

तर त्या माघाच्या आधी, पौषात, सून मोना मोबाइलवर काहीतरी बघत बसली होती, आणि भाकरी थापता थापता पूर्णिमानं मान वाकडी करून बघितलं. नाशिककडचा द्राक्षांचा मळा. संध्याकाळची वेळ, लांब तळं, आणि वेलींच्या कडेला दोन खुर्च्या टाकलेल्या. त्यांवर एक बाई आणि एक पुरुष. दोघांच्याही वयाची उतरणच.

"परत लाव," पूर्णिमा म्हणाली. मोनानं परत लावलं.

"ह्येंच्या मागं कोण हाय?"

"कोण न्हाय, आई."

"मागं कोणच न्हाय?"

"न्हाय. दोघंच हायत की."

तव्यावरची भाकरी करपली. ऋतुराज तेवढ्यात कागलच्या एमआयडीसीतनं पाळी संपवून आला, तर आई चुलीपुढं मोबाइल धरून बसलेली आणि बायको भाकरी खरवडतेय.

मग ठरलं. येत्या माघात लग्नाचा वाढदिवस, तेव्हा दोन रात्री तिथं राहायचं. मोनानं बुकिंग केलं. म्हशीची धार मोना काढणार. दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर पूर्णिमानं सगळं लिहून ठेवलं: जांभळी साडी, स्वेटर, नव्या चपला, पित्ताच्या गोळ्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी खुर्चीत बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यातनं फिरायचं, रस कसा काढतात ते बघायचं, आणि संध्याकाळी परत खुर्चीत बसायचं.

"आणि मधल्या वेळात?" मोनानं विचारलं.

"मधल्या वेळात काय न्हाय करायचं."

कृष्णाताला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "जाऊ की!" मग जरा विचारात पडला. "पर तितं वाईन पाजत्यात न्हवं?"

"थोडी थोडी चाखायची असती, मामा," मोना म्हणाली. "आवडली न्हाय तर थुकली तरी चालती."

"थुकायची तर घ्यायची कशाला?" कृष्णात म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच इतकं हसू आलं की तंबाखू सांडली. त्या आठवड्यात पूर्णिमा दोनदा गुणगुणताना सापडली. आण्णांनी खिडकीतनं बायकोला बोलावून ऐकवलं.

आणि निघायला तीन दिवस राहिले असताना धोंडुबाई आली. कृष्णाताची थोरली बहीण, चार घरं पलीकडं राहणारी. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. येताना तिनं घरातलं मोठं पातेलं आणलं होतं, मटणाचं.

"पूर्णे, ह्यात दहा माणसांचं मटण बसतंय का बघ. न्हायतर विजयसिंहाकडचं आणतो."

"कशाला, आक्का?"

"कशाला म्हंजे? नाशकाला आपला रस्सा मिळणार हाय का? शेगडी आण्णा घेणार हाईत. तांबडा तू कर, पांढरा मी बघतो. आणि परत येताना वणीच्या देवीला जायाचं, मी कृष्णाताला सांगिटलंय."

पूर्णिमा ज्वारी पाखडत होती. सूप तसंच हातात राहिलं. "कोण कोण येणार हाय?"

आक्कानं बोटांवर मोजलं. ती स्वतः आणि तिचा मालक. तिची जाऊ. विजयसिंह आणि त्यांची बायको. आण्णा. "आणखी दोन जागा हायत म्हणत हुता. आगं, पर ह्या वयात दारूच्या मळ्यात कशाला मरायला जायाचं सुचलं तुमास्नी? लोक काय म्हणतील?"

"दारूचा मळा वाईट, तर तुमी कशाला येतायसा?"

"बघाय की!" आक्का म्हणाली.

हाच तो दिवस, ज्या दिवशी तवा वाजला नाही. दिवस मावळायला कृष्णात आला, गाडी दारात लावली, आणि दारात उभ्या असलेल्या बायकोला बघून म्हणाला, "काय गं, गाडीला काय झालंय?"

"आक्काला तुमी सांगिटलासा?"

"व्हय. आगं, दोघांसाठनं एवढी गाडी घिऊन पाचशे किलोमीटर जायाचं? मोकळी गाडी उडती."

"उडू दे."

"माणसंच हायत की ती."

"आणि मी?" पूर्णिमा म्हणाली. एवढंच. पण ते असं म्हणाली, की कृष्णाताची मळलेली तंबाखू हातातच राहिली. मग त्यानं आपला नेहमीचा तोडगा काढला. हसला. "तू म्होरंच बस की. माझ्या शेजारी. बास?"

ती आत गेली. तीन दिवस घरात एक भांडं वाजलं नाही. कृष्णाताला वाटलं, निवळली. मोनाला मात्र झोप लागेना. सासू जेवण वाढायची, धार काढायची, कपडे बॅगेत भरायची, आणि सगळं ओठ आवळून. जांभळ्या साडीची घडी तिनं चारदा मोडून चारदा घातली. एकदाच बोलली, तेही साडीकडं बघत: "कोंबडी तेवढी ऱ्हायली बघ बोलवायची."

आता एक गोष्ट सांगायची राहिली. दर वर्षी खंडेनवमीला, गाडीच्या पूजेच्या आदल्या दिवशी, कृष्णात तालमीकडं हार-फुलांच्या गप्पा मारत बसायचा आणि गाडीची सीटं काढून धुवायचं काम पूर्णिमावर पडायचं. मधली लांब सीट, मागची समोरासमोरची दोन बाकडी. सत्तावीस वर्षं ती बोल्ट काढत होती, सीटं दारात टाकून घासत होती, आणि वाळली की परत बसवत होती. चौदा नंबरचा पाना कुठला आणि गंजलेल्या बोल्टवर रॉकेल किती ओतायचं हे तिला कृष्णातापेक्षा जास्त कळायचं.

निघायच्या दिवशी पहाटे कृष्णात किटली घेऊन डेअरीला गेला. तिथनं मारुतीला नारळ फोडून येणार होता. तो वळणावर दिसेनासा झाला आणि पूर्णिमानं पदर खोचला.

"मोना, बाहेर ये. बॅटरी धर."

दहा मिनिटांत मधली सीट सुटली. मागची बाकडी सोडवताना एका बोल्टनं हट्ट केला, तेव्हा तिनं पान्यावर अशी टाच हाणली की बोल्ट नव्हे, सगळं मुरगूड ते बिद्री सुटलं असतं. सासू-सुनेनं तिन्ही सीटं उचलून एकेक करून आक्काच्या अंगणात नेली, आणि तुळशीपुढं व्यवस्थित मांडली. गाडीत होती तशीच.

आक्का पदर सावरत बाहेर आली. तिच्या हातात पातेलं. "अगं बया, ह्ये काय?"

"तुमच्या जागा, आक्का. ऐसपैस बसा. कुणी सरकायला सांगणार न्हाय."

तोवर विजयसिंह बायकोसह आले, आण्णा शेगडी घेऊन आले. कुणालाच काय बोलावं कळेना, म्हणून विजयसिंह सवयीनं मधल्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्या बायकोनं त्यांना दंडाला धरून उठवलं.

कृष्णात प्रसादाचं खोबरं घेऊन आला. गाडीचं मागचं दार उघडं. आत नुसता पत्रा. गल्लीनं त्याला सत्तावीस वर्षांत कधी कुणावर ओरडताना ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी ऐकलं.

"माझ्या गाडीला हात लावलास? माझ्या पोटाला हात लावलास व्हय गं?"

"लावला!" पूर्णिमाचा आवाज कारखान्याच्या भोंग्यावर चढला. "लगीन झाल्या दिवसापास्नं तुमच्या गाडीत मी सरकत आलो. कोंबडीला सरकलो. पोरगं पोटातनं बाहेर येत हुतं, तवा बी सरकलो! आक्काला सरकलो, विजयसिंहाच्या सासूला सरकलो. नवऱ्याच्या शेजारी किती जागा असती, ते मला ठावं बी न्हाय. दोन खुर्च्या बघिटल्या मी त्या मोबाइलात. दोन! मला दारू नको, मळा नको. मला दोन दिवस सरकायचं न्हाय!"

आण्णांनी शेगडी हळूच पाठीमागं धरली.

"लोकास्नी शब्द दिलाय मी," कृष्णात म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"मला बी दिलासा. 'जाऊ की' म्हणालासा. मला वाटलं, त्या शब्दात आपुण दोघंच बसलोय."

कृष्णातानं अंगणातल्या सीटांकडं बघितलं. मग बायकोच्या हाताकडं बघितलं. पाना अजून तिच्या मुठीत होता आणि बोटांच्या पेरांवर सालटं निघालेली. त्यानं खोबरं आक्काच्या पातेल्यात ठेवलं. "आक्का," म्हणाला, "सीटांवर ऊन येऊ दिऊ नको. रेक्झीन फुटतंय." आणि जाऊन स्टेअरिंगवर बसला.

आक्का चिडली, बायकोच्या धाकातला म्हणाली, आणखी बरंच म्हणाली. ते सगळं गाडीच्या धुरात गेलं.

मोकळी गाडी खरंच उडत होती. प्रत्येक खड्ड्याला मागचा पत्रा धाडधाड वाजायचा, जणू पूर्णिमाची तीन दिवसांची सगळी भांडी कुणीतरी मागं भरली होती. कोल्हापूर मागं पडलं. किणीचा टोलनाका गेला आणि पुढं एका फाट्यावर बॅग घेतलेल्या माणसानं हात केला. कृष्णाताचा पाय, त्याला न विचारता, ब्रेकवर गेला.

माणसानं धावत येऊन मागचं दार उघडलं. "सीटा कुठायत?"

"बसाय न्हाय, पावणं."

"खाली बसतो की. कराडपतोर तर जायाचंय."

"पत्र्यावर हाडं मोडतील."

माणसानं पुढं येऊन काचेतनं आत बघितलं. पुढची सीट लांब होती. पूर्णिमा दाराकडच्या बाजूला, आणि तिच्या आणि कृष्णाताच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. माणूस म्हणाला, "हितं हाय की जागा."

कृष्णातानं मान वळवली. तोंड उघडलं. "जरा..."

पूर्णिमा सरकली. दाराकडनं थेट त्याच्याकडं, खांदा खांद्याला लागेपर्यंत. आणि पलीकडच्या मोकळ्या जागेवर तिनं आपली बॅग ठेवली, स्वेटर ठेवला, त्यावर नव्या चपलांचा खोका ठेवला आणि खोक्यावर हात ठेवून समोर रस्त्याकडं बघत बसली. कपाळावरची शीर अजून उडत होती.

कृष्णातानं काचेतनं त्या माणसाकडं बघून मान हलवली. "मागनं येस्टी हाय, पावणं," म्हणाला. आणि पहिला गिअर टाकला.