नात्याचा रकाना

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात मी पगाराचं टेबल सांभाळतो. जानेवारीत सगळ्यांकडून आयकराचे फॉर्म गोळा करायचे असतात, आणि त्या महिन्यात माझ्याशी कुणी गोड बोलायला येऊ नये. मुलांच्या फीवर करात सूट मिळते, म्हणून कुणी हॉस्टेलची पावती जोडतं, कुणी पुतण्याच्या फीची. "फक्त ट्यूशन फी, फक्त स्वतःची मुलं, तीही दोनच!" हे मी इतक्यांदा सांगतो की घसा बसतो.

या गोंधळात नीलिमाताई कधी नसायच्या. त्या मेडशीकडच्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका. वीस वर्षं लशींचा डबा खांद्याला लावून एसटीनं फिरल्या. त्या गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली असतील. त्यांना स्वतःचं मूल मात्र नाही.

जऊळक्याच्या देवमन सायकलवाल्याशी त्यांचं लग्न झालं, तेव्हा त्याची पहिली बायको वारून वर्ष झालं होतं आणि लेक पल्लवी सहा वर्षांची होती. "दुसरं लेकरू आलं तं हिले परकं वाटन," म्हणून ताईंनी स्वतःच्या मुलाचा विषयच मिटवला. पल्लवीनं त्यांना कधी आई म्हटलं नाही. गाव म्हणतं तसं तीही 'नर्सबाई' म्हणायची, घरातल्या घरात! मला त्या पोरीचा रागच यायचा. ताई मात्र हसायच्या. "म्हणन कधी तरी. मले घाई नाई."

चार वर्षांपूर्वी देवमन गेला. पल्लवी अकोल्याला फार्मसी शिकायला लागली आणि फी ताईच भरू लागल्या.

मागच्या जानेवारीत त्यांचा फॉर्म हाती आला. मुलांच्या फीचा रकाना नेहमीसारखा कोरा होता. मी भडकलो.

"ताई, पोरगी कॉलेजात, फी तुमी भरता, मंग पावती काहून नाई जोडत? फुकट कर भरून राह्यल्या!"

"भाऊ, तिथं सोताचं लेकरू लागते. मी तं तिची सावत्र."

"कोनं सांगतलं तुमाले?"

मी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. मूल म्हणजे सावत्र आणि दत्तक मूलसुद्धा, असं तिथं स्वच्छ छापलं होतं. ताईंनी चष्मा पुसला. ती ओळ दोनदा वाचली.

"म्हंजे सरकारच्या लेखी मी तिची मायच?"

"मायच."

इतक्या वर्षांत मी त्यांना असं लाजताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिथूनच फोन लावला. "पल्लवी, फीची पावती पाठवतं का बेटा? हापिसात लागते." दोन मिनिटांत पावतीचा फोटो आला. अक्षर बारीक होतं, म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

मला मोठ्यानं वाचायची खोड आहे. विद्यार्थिनीचं नाव वाचलं, वर्ष वाचलं, ट्यूशन फी वेगळी दाखवलेली होती, तीही वाचली. त्याच सुरात पुढं वाचून गेलो, "शुल्क भरणाऱ्याचं विद्यार्थिनीशी नातं : दूरचे नातेवाईक."

शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. जीभ हासडून टाकावी असं वाटलं मला.

ताई खिडकीकडे पाहत होत्या. मी घाईघाईनं म्हणालो, "त्यानं काई फरक नाई पडत, ताई. कायद्यात तुमी बसता. प्रिंट काहाडतो अन् जोडतो."

"नोका जोडू, भाऊ."

"अवो पन हक्काचं हाय!"

"मी इथं माय लिवलं, तं तिनं तिथं लिवलेलं खोटं पडन. कोनं इचारलं उद्या, तं पोरगी खोटी ठरन. कापा कर."

त्या रकान्यात मी रेघ मारली, आणि फेब्रुवारीच्या पगारातून पूर्ण कर कापला. कापणारा मीच.

त्या दिवशी निघताना मात्र त्या दारातून परत आल्या. म्हणाल्या, "त्या नियमाच्या पानाची झेरॉक्स द्या ना एक." मी दिली. त्यांनी तिची घडी केली आणि पर्समध्ये देवमनच्या फोटोमागे ठेवली.

"आता कायले पायजे?" मी विचारलं.

"तिनं कधी इचारलं, तुमी माह्या कोन, तं दाखवीन."

यंदाही फी ताईंनीच भरली. पल्लवीनं अजून काही विचारलेलं नाही.