लाल-हिरव्याची एकच राखाडी

छापखान्यात तिला सगळे राखाडीताई म्हणायचे. रंगीत पानं आली की ती काळी-पांढरी करून छपाईसाठी तयार करायची, हे तिचं काम. "ताईंच्या हाती इंद्रधनुष्य द्या, त्याचा धूर करून देतील," असं मशीनवाला म्हणायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. पण रंगाचा असा बेरंग करणं सोपं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पिवळी अक्षरं कागदावर विरून जातात, निळं आकाश डांबरासारखं काळं होतं. म्हणून ती एकेक चित्र उघडायची, त्यातला उजेड आणि सावली हातानं सांभाळायची, अक्षरं निव्वळ काळ्या शाईत आहेत ना ते बघायची आणि मगच फाइल पुढे धाडायची. कामात ती चोख होती, आणि आपण चोख आहोत याची तिला जराशी घमेंडही होती.

मग तिनं संगणकाला ही सगळी कामं एका दमात करायला शिकवलं. एक बटण दाबलं की अख्खं पुस्तक राखाडी. "अहो, आता मी नुसती बसून असते, पानं आपोआप होतात," असं तिनं घरी नवऱ्याला ऐटीत सांगितलं.

त्याच सुमारास इस्पितळातून एक पुस्तिका आली. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी काय खावं, काय टाळावं, याची. इस्पितळातल्या तरुण आहारतज्ज्ञ मुलीनं ती मन लावून बनवली होती. प्रत्येक फळाभाजीच्या चित्रामागे एक वर्तुळ. लाल म्हणजे टाळा, हिरवं म्हणजे खुशाल खा. सगळ्यांना फुकट वाटायची, म्हणून एका शाईत छापायची होती. राखाडीताईनं बटण दाबलं. नमुन्याचं पान आलं तेव्हा तिनं अक्षरं तपासली, कडा तपासल्या. सगळी वर्तुळं कशी एकसारखी, नीटस दिसत होती. तिला ती आवडलीसुद्धा. तिनं सही ठोकली.

पुस्तिका वाटून झाल्यावर एके दिवशी ती आहारतज्ज्ञ मुलगी स्वतः छापखान्यात आली. हातात पुस्तिका, चेहरा उतरलेला. तिनं पहिलं पान मालकांपुढे धरलं. "लाल वर्तुळ: टाळा" आणि "हिरवं वर्तुळ: खा" या दोन ओळींशेजारी दोन वर्तुळं होती, आणि दोन्ही एकाच राखाडी रंगाची.

"मूळ फाइलच तशी असणार," मालक वर न बघताच म्हणाले. "आम्ही आलं तसं छापतो. काय हो ताई?"

राखाडीताईनं पानाकडे पाहिलं. तिला पाहताक्षणी सगळं कळलं होतं. एका वर्तुळात रेघा मारून दुसरं कोरं ठेवलं असतं, तर प्रश्नच नव्हता. असलं काम तिनं शंभरदा केलं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हं."

"माझंच चुकलं मग," ती मुलगी म्हणाली. "मला संगणकातलं फारसं कळत नाही. तुम्हाला उगीच त्रास दिला, माफ करा." आणि ती निघून गेली.

उरलेला दिवस राखाडीताई पडद्याकडे नुसती बघत बसली. मशीनवाल्यानं काहीतरी गंमत केली, पण तिला हसू फुटेना. घरी तिनं ताट तसंच बाजूला सारलं. नवऱ्यानं खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं.

"चूक कोणाच्या हातून होत नाही?" तो म्हणाला.

"चुकीचं नाही हो. ती पोर माझी माफी मागून गेली आणि मी मागू दिली."

त्यानं तिचं ताट झाकून ठेवलं. तो समजूत घालत नाही, याचंच तिला बरं वाटलं.

सकाळी ती छापखान्याऐवजी इस्पितळात गेली. त्या मुलीच्या टेबलापुढे उभं राहून तिनं एका श्वासात सांगून टाकलं. मुलगी रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "हे लक्षात आल्यापासून मी दोन रात्री झोपले नाही, ताई." तिनं खणातून पेन काढून पुढे केलं. "बाहेर रुग्ण बसलेत. ज्यांच्याकडे पुस्तिका आहे, त्यांना खुणा करून द्या. कशावर फुली मारायची, ते मी सांगते."

राखाडीताई एकेका बाकापाशी फिरू लागली. केळ्यावर फुली, बटाट्यावर फुली, सफरचंदाला बरोबरची खूण. एका कोपऱ्यात एक आजोबा बसले होते. सदरा खांद्यांवरून ओघळत होता. त्यांनी पुस्तिका खिशातून जपून काढली.

"मला काही उमगेना, मुली," ते म्हणाले. "म्हटलं, सगळंच वर्ज्य असेल. नुसत्या भातावर राहिलो. भूक लागायची, पण धास्ती जास्त होती."

"आजोबा, ही पुस्तिका मी बिघडवली," ती म्हणाली. मान वर करायची तिला हिंमत झाली नाही.

आजोबांना ते नीट ऐकू गेलं नसावं. "सफरचंद चालतं होय?" त्यांनी विचारलं आणि त्या पानावरून बोट फिरवत राहिले.

दुपारी तिनं मालकांनाही खरं सांगितलं. ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण पुस्तिका पुन्हा छापायला हो म्हणाले. या वेळी तिनं एकेक वर्तुळ स्वतः केलं. टाळायच्या पदार्थांवर ठसठशीत फुली, आणि "लाल", "हिरवं" हे शब्दच काढून टाकले. गठ्ठे घेऊन तीच इस्पितळात गेली.

तिथं तिला कळलं, की मधल्या काळात एका बाईंना अचानक भरती करावं लागलं होतं. त्यांच्याकडेही जुनी पुस्तिका होती. "कारणं बरीच असतात, ताई. आता त्या बऱ्या आहेत," आहारतज्ज्ञ मुलगी म्हणाली.

त्या बाईंनी काय खाल्लं होतं, हे विचारायचं राखाडीताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं नाही. गठ्ठे टेबलावर ठेवले आणि ती जिना उतरली. न विचारल्याची लाज तिला आजही वाटते, आणि आजही तिनं विचारलेलं नाही.