पटावरचं नाव

धुळ्याला बाहेरून एम.ए. करत होतो तेव्हाची गोष्ट. रविवारच्या वर्गात सर चिन्हांबद्दल शिकवत होते. ‘झाड’ म्हटलं की कुठलंही झाड चालतं. माणसाचं नाव मात्र एकाच माणसाकडे बोट दाखवतं. बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलं की एक दोरी बांधली जाते आणि ती तोंडोतोंडी पुढे चालत येते, असं सर म्हणाले. वर्ग माना डोलावत होता, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांचं काही चुकलं नव्हतं. ती दोरी कापायचा पगार मी दोन वर्षं घेतला होता, इतकंच.

मी पारोळ्याकडचा, शेतकऱ्याघरचा. ऐंशीनंतर डी.एड. झालो आणि साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत लागलो. जूनमध्ये पाड्यांवरून पोरं यायची. कुणाचं नाव जन्मवाराचं, कुणाचं झाडाचं. हेडमास्तर म्हणायचे, “असली नावं पटावर शोभत नाहीत. तपासणीला साहेब आले की हसतात.” मग आम्ही पटावर नवी नावं घालायचो. मुलींची नावं माझ्याकडे होती. खोलीत एक जुना दिवाळी अंक पडला होता, त्यातल्या कथांच्या नायिका मी ओळीनं वाटून टाकल्या. जन्मतारीख तर सगळ्यांचीच एक जून. त्या पोरींच्या बारशाच्या घुगऱ्या आम्ही खाल्ल्या नव्हत्या, पण दुसरं बारसं मात्र उरकून मोकळे झालो, आणि आईबापांना सांगायची गरज कुणालाच वाटली नाही. आपण यांचं भलं करतोय असंच वाटायचं. आज सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

पोळा होऊन गेला होता. दुपारी ऑफिसच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला, पोटरीपर्यंत चिखल; आजारी बायकोनं बोलावलं म्हणून पोरीला न्यायला आलेला. पोरी स्वैपाकीणबाईबरोबर ओढ्यावर धुणं धुवायला गेल्या होत्या.

“मनी पोर आठे शे, गुरुजी. तिले लेवाले उनू. तिनी माय भलती बिमार शे, पोरले बोलाई ऱ्हायनी.”

“नाव काय रे तिचं?” तो माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा असेल, तरी मी अरे-तुरेच केलं.

त्यानं नाव सांगितलं. ती ज्या वारी जन्मली त्या वाराचं. मी पट उघडला, मुलींच्या यादीवर वरून खाली बोट फिरवलं आणि सांगितलं, या नावाची मुलगी इथं नाही.

जूनमध्ये मीच आणून सोडली, असं तो म्हणाला. कमरेजवळ हात धरून त्यानं उंची दाखवली, “एवढी शे.” मग स्वतःच्या डाव्या मनगटावर बोट ठेवलं, “आठे जळेल शे.”

भाजल्याचा डाग असलेलं ते मनगट मला चांगलं ठाऊक होतं. पाटी धरायला शिकवताना मी ते कितीदा हातात घेतलं होतं. पण मी त्याच्या बोटाकडे बघतच नव्हतो, पटाकडे बघत होतो. “दुसऱ्या शाळेत बघ,” म्हणालो. त्यानं माझी गचांडी धरायला हवी होती. तो मान हलवून निघून गेला. पुढच्या शाळेपर्यंत चालत गेला, तिथंही त्याला तेच उत्तर मिळालं, हे मला मागाहून कळलं.

संध्याकाळी पंगतीत वाढताना एका ताटापाशी ते मनगट दिसलं. मी चरकलो. हेडमास्तरांना सांगितलं, आत्ताच कुणाला तरी पाड्यावर पाठवू या का? ते म्हणाले, “गरज असेल तर येईल परत.” मी नोकरीत नवा होतो, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. रात्रीची डोंगरातली वाट तुडवायचा मला कंटाळा आला होता. मी हात धुतले आणि जेवायला बसलो. पोरीला काहीच सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी तो परत आला. पाड्यावरचं आमच्याच शाळेतलं एक पोर तापानं घरी गेलं होतं, पोरगी इथंच आहे, पटावर नाव तेवढं दुसरं आहे, हे त्याला त्याच्याकडून समजलं होतं. तरी त्यानं आवाज चढवला नाही.

“तिनी माय मरी गयी,” तो म्हणाला. मग वाटभर घोकत आणलेलं ते दिवाळी अंकातलं नाव त्यानं सावकाश, एकेक अक्षर जपून उच्चारलं.

“ह्या नावनी पोर दी द्या, गुरुजी.”

त्या नावाची पोर पटावर होती. मी दिली.