स्वतःच्या नावावर पहिला निबंध

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. मशिनच्या मागे, कागदाच्या रिमांची चळत आणि बाइंडिंगचं यंत्र यांच्या फटीत एक टेबल मावतं. त्या टेबलाशी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एक बाई बसतात. मुलं त्यांना प्रोजेक्टताई म्हणतात. खरं नाव विचारायची कुणाला गरज पडत नाही, कारण त्यांनी लिहिलेल्या कशावरच ते येत नाही.

जमिनीची धूप, हिशेबतपासणीची तत्त्वं, बेडकाचं रक्ताभिसरण, साम्राज्यांची पडझड, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा, हे सगळं ताईंच्या हाताखालून गेलेलं आहे. पुस्तकं मुलं आणतात किंवा आणत नाहीत. ताईंना पुस्तकापेक्षा मुलगा समोर लागतो. आधी त्याला बोलायला लावायचं, तो ‘परंतु’ म्हणतो की ‘पण’, वाक्य पुरं करतो की मध्येच सोडतो, हे ऐकायचं आणि तसं लिहायचं. वाचताना सरांना तोच मुलगा दिसला पाहिजे.

“ताई, मला जरा सत्तर मार्कांचा द्या ना.”

“तू पंचावन्नाचा आहेस. सत्तरचा दिला तर सर तुला दोन प्रश्न विचारतील आणि तू झेरॉक्सवाल्याकडे बघशील.”

“माझ्याकडे कशाला?” झेरॉक्सवाला मशिनवरून म्हणतो. “मी तर पस्तीसचा होतो.”

ताईंचा एक नियम होता. एकाला दिलेला विषय दुसऱ्याला द्यायचा नाही. कॉलेजात सगळे निबंध आता संगणकात जातात आणि जुन्याशी जुळणारी वाक्यं यंत्र शोधून काढतं, हे त्यांना प्राध्यापकांच्या आधी कळलं होतं. कुणाला काय दिलं ते त्या डोक्यात ठेवत. इतक्या वर्षांत एकदाही घोटाळा झाला नाही.

सकाळी ताई एका शाळेच्या वाचनालयात मदतनीस होत्या, तात्पुरत्या. मग शाळेनं ठरवलं की वर्षअखेर पदवी असलेल्यालाच कायम करायचं, बाकीच्यांनी घरी जायचं. ताईंचं शिक्षण लेक पोटात असताना दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं. त्यांनी याच कॉलेजात बाहेरून नाव घातलं.

“जगाला पदव्या वाटतेस,” बसवर कंडक्टर असलेले यजमान म्हणाले, “एक घरातही येऊ दे.”

लेखी पेपर सुटले. उरला समाजशास्त्राचा एक निबंध, विषय आपल्या मनाचा. इथे ताई अडकल्या. समोर बोलणारं कुणी नव्हतं. पहिलं पान त्यांनी लिहिलं ते एखाद्या हुशार मुलीसारखं झालं, दुसरं एखाद्या कंटाळलेल्या मुलासारखं. दोन्ही फाडली. झेरॉक्सवाला म्हणाला, “तुमचं गिऱ्हाईक लई अवघड आहे, ताई.”

मग त्यांना आई आठवली. आई घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची. शर्टांचे गठ्ठे खिडकीखाली असायचे, तिच्या तर्जनीला घट्टा होता, संध्याकाळी माल न्यायला येणारा माणूस दारातूनच मोजून घ्यायचा. घरात बसून केलेल्या कामाला समाज काम का म्हणत नाही, असा विषय त्यांनी घेतला आणि काही दुपारींत संपवला. त्यात एक वाक्य होतं: ‘माझ्या आईनं हजारो शर्टांना बटणं लावली आणि त्यातला एकही शर्ट कुणाच्या अंगावर पाहिला नाही.’ हे कुणासारखं झालं आहे, असा प्रश्न ताईंना पडला नाही. पहिल्यांदाच त्यांनी वर आपलं नाव घातलं.

पंधरवड्यात कॉलेजचं बोलावणं आलं.

समितीवरच्या मॅडमनी स्क्रीन वळवून दाखवली. डावीकडे ताईंचा निबंध, उजवीकडे काही वर्षांपूर्वीचा एक. जुळणारी वाक्यं यंत्रानं पिवळी केली होती. बटणांचं वाक्य जवळजवळ पूर्ण पिवळं होतं. एकच शब्द पांढरा राहिला होता. डावीकडे ‘आईनं’, उजवीकडे ‘आजीनं’.

“या निबंधाला तेव्हा बक्षीस मिळालं होतं,” मॅडम म्हणाल्या. “आडनाव तुमचंच आहे. ही कोण तुमची?”

“लेक.”

ताईंना तेव्हा आठवलं. लेक याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, निबंधाची तारीख तोंडावर आली आणि ती घाबरून गेली. ताईंनी एका बैठकीत लिहून दिलं होतं, तिनं उतरवून काढलं होतं. परक्या पोरांचे विषय पाठ होते. लेकीला त्यांनी गिऱ्हाइकांत धरलंच नव्हतं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं. तुम्ही लेकीचा पाहून लिहिलात, तर तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही. तिचा तुम्ही लिहून दिला होता, तर प्रकरण तिच्यावर जाईल, पदवीपर्यंत. “सोमवारी लेखी द्या. नीट विचार करून.”

लेक दुसऱ्या एका शाळेत शिक्षिका होती. पुढच्या महिन्यात कायम होणार होती. निरोप मिळताच ती घरी आली आणि चपला न काढताच बोलायला लागली.

“आई, जगात दुसरा विषयच नव्हता का गं?”

“माझी आई होती ती.”

“माझी आजी होती.”

“अगं, पण तो लिहिला कुणी?” यजमान म्हणाले.

“बाबा, तुम्ही गप्प बसा.”

“बसतो. या घरात मला दोन्हीकडून तेच सांगतात.”

लेक खाली बसली. मग आवाज उतरवून म्हणाली, “आई, सांग ना की माझा बघितलास. घरात पडला होता, घेतला. आई-लेकीत एवढं काय?”

“माझी सकाळची नोकरी जाईल.”

“माझी पदवी जाईल. वर्गात मी पोरांना सांगते, स्वतःच्या मनानं लिहा.”

ताई पाणी आणायला उठल्या. लेकच पुन्हा बोलली.

“बक्षीस घेताना टाळ्या वाजल्या ना, तेव्हा मला काय वाटलं ते तू कधी विचारलंस? मी रडत होते, तर म्हणायचं होतंस, बस, लिही, जमेल. तू माझ्या हातातला पेनच काढून घेतलास. मला पंचावन्नचा तरी जमला असता.”

यजमान उठून खिडकीशी गेले. ताईंनी लेकीला पाणी दिलं. तिनं ते घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

सोमवारी ताईंनी एका कागदावर लिहून दिलं: मी माझ्या मुलीचा निबंध पाहून लिहिला, मला क्षमा असावी. सही केली. मॅडमनी वाचलं. प्रकरण सोपं झाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“तीन वर्षांनी पुन्हा बसा,” त्या म्हणाल्या.

“तोवर जागा राहणार नाही.”

“आमच्या हातात काही नाही हो.” मॅडमनी कागद फाइलमध्ये लावला. मग, ताई उठता उठता, सहज विचारावं तसं विचारलं, “ते आजीचं, बटणांचं, खरं होतं का?”

“खरं असेल,” ताई म्हणाल्या. “लेकीनं लिहिलंय.”

वर्षअखेर वाचनालयात नवी बाई आली. कोणत्या कपाटाचं दार ओढून धरल्याशिवाय उघडत नाही, हे ताईंनी तिला दाखवलं आणि किल्ल्या दिल्या. लेक कायम झाली, तेव्हा तिचा फोन आला. ताईंनी ऐकून घेतलं, “बरं झालं” म्हणाल्या आणि फोन यजमानांकडे दिला. त्यानंतर लेक सुट्टीला येते, जेवते, वडिलांशी बोलते आणि जाते.

आता ताई दुकानात सकाळपासून बसतात. पोरं समोर येतात, ताई त्यांना बोलायला लावतात आणि तसं लिहून देतात. घरी कधी किराण्याची यादी करायची झाली, तर त्या यजमानांना म्हणतात, “तुम्ही लिहा, मी सांगते.”