मामांचा आभाळाचा नकाशा

नकाशावर एवढी माया करणारा आणि नकाशापायी एवढं सोसणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे आमच्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. निजामाच्या अमदानीत त्यांच्या पिंगळी गावचे लोक मोटार बघायला पळायचे, तेव्हा हा गृहस्थ हैदराबादेत विमान चालवायला शिकला होता. आत्याचं लग्न त्या विमानाकडे बघूनच ठरलं म्हणा ना. पण वर्षाच्या आत मामा वाऱ्याने भरकटून सरकारी दारूगोळ्याच्या कोठारावरून गेले. नकाशात तिथं लाल गोल होता, म्हणजे वरून उडायला सक्त मनाई. मामांनी नकाशा उघडलाच नव्हता. परवाना गेला आणि मामा नकाशा घेऊन कायमचे गावी आले.

तेव्हापासून तो कागद म्हणजे त्यांची पोथी. पोखर्णीची वाट विचारणाऱ्या गाडीवानाला ते सांगायचे, "वारा डावीकडून हाय, तवा नाक जरा डावीकडंच ठेवा." गाडीवान विचारायचा, "बैलाचं का माझं?" आत्याच्या संसारात तर त्यांना आभाळाचे सगळे कायदे दिसायचे. "देवघरात चप्पल कधीच न्हाई, ही पक्की मनाई. चुलीपाशी भाकरी होईस्तोर न्हाई, ही वेळेपुरती. तुझी आत्या विमान चालवती तर कधी चुकली नसती." आत्या भाकरी थापता थापता म्हणायची, "मला इमान नगं, सरपण आणा." गाव हसायचं. मामा हसणाऱ्यालाच धरून बसवत आणि टेकडीची उंची नकाशात कशी वाचायची, ढगात तिच्या किती वर राहायचं, हे समजावत. "चुकून कुणाचा जीव जाऊ नये, एवढ्यासाठीच हा कागद हाय," असं म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा.

अठ्ठेचाळीस साली हिंदुस्थानची विमानं डोक्यावरून जाऊ लागली आणि गावातल्याच एकाने ठाण्यात खबर दिली, यांच्या घरी विमानाचा नकाशा आहे. अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार, शिपाई घेऊन आला. नकाशा पसरून त्याने विचारलं, "ये लाल गोल कायके हैं?"

आत्या दाराआडून म्हणाली, "जुनी रद्दी हाय म्हणा. पाया पडते तुमच्या."

पण इतक्या वर्षांत मामांना असं कुणी मनापासून विचारलंच नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. गुडघ्यांवर बसून ते एकेका गोलावर बोट ठेवत गेले. आत काय आहे, कुठून वळायचं, किती उंच राहायचं. अमीनाने सगळं ऐकून घेतलं. "बहोत खूब. अब यहीच ठाने में बताओ."

ठाण्यातल्या मारात मामांचा डावा डोळा गेला. काही दिवसांत राज्य बदललं, ते सुटले आणि मोठ्या आशेने परवाना मागायला नव्या साहेबाकडे गेले. साहेब भला होता, त्याने खुर्ची दिली. पण एका डोळ्यावर परवाना मिळत नाही, म्हणाला. "नियम बरोबर हाय," म्हणून मामा उठले. खबर देणारा तेव्हा झेंडावंदनाला पहिल्या रांगेत उभा राहू लागला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

पुढे दुसऱ्या डोळ्यानेही मामांना अंधूक दिसू लागलं. विमानाचा आवाज आला की आत्या हातातलं काम टाकून अंगणात यायची, कपाळावर हात धरून वर बघायची आणि सांगायची, "लय वरून चाललंय. सरळ." मामा मान हलवायचे. विमान दिसेनासं झालं तरी ती तिथंच उभी राहायची, मामांच्या कानातला आवाज सरेपर्यंत.