वरुणेकाठचं बंद फाटक

वाराणसीचं पोस्टिंग आलं तेव्हा मी इंजिनिअर्सच्या फील्ड कंपनीत नायब सुभेदार होतो. कॅन्टोन्मेंटमध्ये क्वार्टर मिळालं. सकाळी पीटी, मग ट्रेनिंग, संध्याकाळी रोल कॉल. पत्नीला मराठी बोलायला माणसं हवी असायची, म्हणून सुट्टीत आम्ही संकठा घाटाकडच्या मराठी घरांत जायचो. रविवारी चर्च.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. माझ्या लहानपणी गावात चर्चची इमारत नव्हती. पाळकसाहेब सायकलवर यायचे आणि लिंबाखाली उपासना व्हायची. चर्चला आमच्याकडं मंडळी म्हणतात. माणसं जमली की मंडळी झाली. याहून वेगळा अर्थ मला कुणी शिकवला नव्हता.

वाराणसीचं आमचं चर्च वरुणा नदीच्या काठी, टेकाडावर होतं. दगडी बांधकाम, चारी बाजूंनी भिंत. कमिटीनं नुकतीच नवी फरशी बसवली होती. सेक्रेटरी दारात उभे राहायचे. माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पायांकडं बघायचे.

माझ्या प्लाटूनमध्ये योहान नावाचा सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचा जवान, होता. सिमडेगाकडचा आदिवासी, बोटीच्या इंजिनात तरबेज. पहिल्याच रविवारी तो पुढच्या बाकावर बसला, तर सेक्रेटरींनी त्याला उठवलं. "यह मेंबर की जगह है।" योहान मागं जाऊन बसला. बाहेर आल्यावर मी संतापलो, तर तोच म्हणाला, "साब, पीछे से भी सुनाई देता है।"

त्या पावसाळ्यात गंगा चढली आणि वरुणेचं पाणी उलटं फिरलं. काठची विणकरांची आणि मल्लाहांची, म्हणजे नावाड्यांची, वस्ती बुडाली. सिव्हिलनं आर्मी मागितली. आम्ही दोन बोटी घेऊन सकाळीच पाण्यात उतरलो. माणसं कौलांवर बसली होती. वस्तीला लागून एकच कोरडी जागा होती, ती म्हणजे चर्चचं आवार. नदीकडच्या फाटकाला बोट अगदी भिडत होती. फाटकाला आतून कुलूप होतं. मागच्या बाजूचा रस्ता कोरडा होता आणि त्या रस्त्यानं आलेले सेक्रेटरी छत्री घेऊन आत उभे होते.

"सूबेदार साहब, आप तो अपने आदमी हैं," ते म्हणाले. "इतवार को बिशप साहब आ रहे हैं। फर्श का क्या होगा?"

"लोग पानी में हैं।"

"सब हमारे लोग नहीं हैं।"

बोटीत बायका होत्या, पोरं होती, दोन शेळ्या होत्या. शेजारच्या बोटीच्या इंजिनाजवळून योहाननं विचारलं, "तो हमारे कौन हैं, बाबूजी?"

सेक्रेटरींनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी रेडिओ घेतला. "कंट्रोल, अल्फा. चर्चचं फाटक बंद. कुलूप तोडण्याची परवानगी हवी. ओव्हर."

"अल्फा, कंट्रोल. निगेटिव्ह. खासगी मालमत्ता आहे. सिव्हिलला कळवलंय. शाळेवर उतरवा. ओव्हर."

शाळा संगमापलीकडं होती. वरुणा गंगेला मिळते तिथं भोवरे असतात. फाटकाशी पाच मिनिटांत उरकलं असतं ते काम आता त्या भोवऱ्यांच्या कडेनं करायचं होतं. मी हुकूम पाळला. फौजेत हुकूम पाळतात. पण त्या माणसाची छत्री मला आजही दिसते आणि आजही माझ्या मुठी वळतात.

दुपारपर्यंत फेऱ्या नीट झाल्या. मग योहानच्या बोटीचा आवाज रेडिओवर आला. "अल्फा, बोट दो. पंखे में रस्सी फँसी है। इंजन बंद। बह रहे हैं।"

मी माझी बोट वळवली. आमच्या डोळ्यांदेखत त्यांची बोट आडवी झाली आणि बुडालेल्या विजेच्या खांबावर आदळली. माणसं खांबाला आणि बोटीच्या कडेला लटकली. योहाननं एक पोर उचलून सोबतच्या लान्स नाईकच्या हातात दिलं. जैबुन नावाची म्हातारी विणकरीण सुटून चालली होती. तो तिच्यामागं गेला. त्यानं तिला धरलेलं मी पाहिलं. त्यानंतर दोघंही दिसली नाहीत.

बाकी सगळे वाचले. त्यांना बोटीत घेऊन मी शाळेकडं गेलो नाही. सरळ फाटकाशी आलो. या वेळी परवानगी मागायची नाही, असं ठरवूनच आलो होतो.

फाटक उघडं होतं. रिटायर झालेल्या नर्स मरियम सिस्टर मागच्या रस्त्यानं चर्चची पंधरा-वीस माणसं घेऊन आल्या होत्या. त्यांत शिंपी होते, रिक्षावाले होते, एक गवंडी होता. लोकांनी सांगितलं, सिस्टरनी आधी किल्ली मागितली. सेक्रेटरी म्हणाले, कमिटीला विचारावं लागेल. सिस्टरनी गवंड्याला खूण केली आणि त्यानं हातोड्यानं कुलूप फोडलं.

"कमिटी से कह दीजिए," त्या म्हणाल्या, "कलीसिया ने खोला है।"

कलीसिया म्हणजे मंडळी. बाबतपूरच्या की कुठल्या गावच्या त्या बाईनं माझ्या नगरचा शब्द तिच्या भाषेत सांगितला. मला रडू आलं नाही. चीड आली. हातोडा सकाळी का नाही पडला, एवढंच डोक्यात होतं.

योहान संगमाच्या बऱ्याच खाली गंगेत सापडला, जैबुन त्याच्याही खाली. योहानचे वडील सिमडेगाहून आले. शांत माणूस. अंत्यविधीला बिगुलावर लास्ट पोस्ट वाजला तेव्हा ताठ उभे होते. नंतर म्हणाले, "साब, वह गिरजा दिखाइए।"

मी घेऊन गेलो. आत विणकरांची आणि मल्लाहांची बिऱ्हाडं होती. बाकांवर ओले कपडे वाळत होते. नव्या फरशीवर चूल मांडून एक बाई भात शिजवत होती. योहानच्या वडिलांनी चपला काढल्या, त्या माणसांमध्ये जाऊन बसले आणि स्वतःच्या भाषेत प्रार्थना केली. आम्हांला कुणालाच ती भाषा येत नव्हती. त्या बाईनं त्यांच्यापुढं भात ठेवला. ते जेवले.

पूर ओसरल्यावर कमिटीची बैठक झाली. सेक्रेटरींनी ठराव आणला की योहानच्या नावाचा संगमरवरी दगड आत लावावा. मी युनिफॉर्ममध्ये उठलो. म्हणालो, "ज्याला तुम्ही पुढच्या बाकावर बसू दिलं नाही, त्याला भिंतीवर लावू नका." मरियम सिस्टर म्हणाल्या, बरोबर आहे. ठराव पडला.

योहानचं नाव त्या भिंतीवर नाही. सॅपर योहान, वय बावीस. आणि त्यानं शेवटपर्यंत धरून ठेवलेली जैबुन, जिचं वय तिच्या घरच्यांनाही सांगता आलं नाही. ही दोन माणसं माझ्या मंडळीतली होती.