उभ्या गाडीचं मीटर

गाडी चालवली तर झिजते आणि उभी ठेवली तर गंजते, भाव दोन्हीकडून उतरतोच. काटेवाल्यांच्या लेकीनं फोनवर हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की पुढचं वाक्य ते तिच्याआधीच मनात म्हणून घेत.

"बाबा, मागच्या वर्षी जे आले असते ते यंदा यायचे नाहीत. यंदा येतील ते पुढच्या वर्षी नाहीत. दावणीला बांधून ठेवायला ती काय म्हैस आहे?"

"भाव माझाही उतरलाय. मला कधी काढतेस?"

"तुम्हाला कोण घेणार? घडीघडीला चहा लागतो. ॲव्हरेज काही नाही तुमचं."

दोघंही हसत. मग ती म्हणे, "जेवलात ना?" आणि ते म्हणत, "हो तर."

दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे, खरे ठरले की शिक्का मारायचा, ही त्यांची नोकरी. म्हणून ते काटेवाले. नोकरीत असताना या मोटरसायकलवर दिवसा पितळी वजनांची पेटी बसे आणि संध्याकाळी बायको. पेटी बोलत नसे, बायको बोले, एवढाच काय तो फरक, असं ते चारचौघांत म्हणत आणि बायको मागून चिमटा काढी.

रोज सकाळी देवापुढे हात जोडून झाले, की ते अंगणात येत. गाडीवरचं कापड काढत, घडी करून ओट्यावर ठेवत, सीट पुसत. मागं बसणाऱ्यानं पाय ठेवायच्या दोन्ही खुंट्या बाहेर काढत. मग बसून किक मारत. गाडी गुणी, लगेच बोलू लागे. काटेवाले हँडल धरून, समोर बघत बसून राहत. थोड्या वेळानं चावी फिरवत, खुंट्या मिटत आणि कापड पुन्हा पांघरून घरात येत. लेकीला सांगत, "फेरी मारून आलो."

फेरी वगैरे काही नव्हती. बायको गेल्यापासून गाडी फाटकाबाहेर पडलीच नव्हती.

याला कारण पेट्रोल पंपावरची जुनी गोष्ट. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची. पेट्रोल भरायला बायको उतरली आणि काटेवाले, मेव्हण्याचे गुण गाण्याच्या नादात, ती बसलीय असं धरून निघाले. कालव्याच्या पुलापर्यंत मेव्हण्याला पुरतं सोलून झालं. मागून उलट उत्तर येईना, तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. माहेरच्या माणसाबद्दल एवढं बोलून उत्तर नाही, म्हणजे मागे कोणी नाहीच.

उलटे वळून पंपावर आले, तर ही हवा भरायच्या नळाशेजारच्या बाकावर पदर सारखा करून निवांत बसलेली. म्हणाली, "बोलून झालं की याल, माहीत होतं मला. देवाचं नाव घेत बसले होते, तेवढंच पुण्य. काय म्हणत होतात माझ्या भावाला?"

त्या दिवसापासून नेम ठरला. तिनं नीट बसून त्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं, तोवर गाडी हलवायची नाही. जन्मभर तो नेम चुकला नाही. आता रोज सकाळी इंजिन सुरू असे, समोर रस्ता असे, आणि खांदा आपला वाट बघत असे.

शेवटी लेकीनंच गिऱ्हाईक धाडलं. एक सुतार. अवजारांची पिशवी घेऊन गावभर कामाला जाणारा, देहानं थोराड, तोंडानं मोकळा. त्यानं इंजिन ऐकलं आणि मान डोलावली. तेल बोटावर घेऊन पाहिलं, ताजं होतं. टायरवरून अंगठा फिरवला, तिथं उभ्या भेगा. मग मीटरवर वाकला. तिथंच सर्व्हिसिंगचा जुना कागद चिकटवलेला होता. कागदावरचा आकडा आणि मीटरमधला आकडा यांत नावालाच फरक होता.

"काका," तो म्हणाला, "कागद बघा किती जुना आहे. इंजिन तर रोज चालत असणार. मग मीटर कुठं झोपलं होतं?"

"म्हणजे?"

"राग मानू नका. मीटर कमी दिसलं की भाव वर चढतो. लोक केबल काढून ठेवतात. तुम्ही काढलीत असं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणताय?"

"निघाली असेल आपोआप, असं म्हणतोय."

काटेवाल्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. खोटी वजनं त्यांनी भर बाजारात जप्त केली होती. चुलत भावाच्या दुकानातलीसुद्धा सोडली नव्हती, त्यापायी त्या घराशी बोलणं तुटलं ते तुटलंच. आणि आज स्वतःच्या अंगणात त्यांच्याच मापावर संशय. खरं काय ते सांगावं, तर सांगणार तरी काय? गाडीवर बसतो आणि नुसतंच उतरतो, हे परक्या माणसाला कसं सांगावं?

"बसा मागं," ते म्हणाले. "आकडा फिरतो की नाही ते डोळ्यांनी बघा."

"माझ्या वजनाचा विचार केलात का? काटेवाले तुम्ही."

"मोठ्या काट्यावरची मापं वाहिलीत हिनं. बसा."

सुतार बसला, गाडी खाली दबली. किक मारली, इंजिन सुरू झालं, फाटक उघडं होतं. काटेवाले समोर बघत राहिले. हात क्लचवर होता, तो सुटेना.

"काका? काय झालं?"

काही झालं नव्हतं, हीच तर अडचण होती.

"अहो, चला की," म्हणत सुतारानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. जड, खरबरीत, एकदाच. त्या हातात ओळख नव्हती, पण वजन होतं. बोटं आपसूक सैल झाली आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

कोपऱ्यापर्यंत त्यांनी गाडी पहिल्या गिअरवरच नेली. पुढं हात आपोआप वळू लागले, खड्डे आठवू लागले. गाडीला काहीच वाटत नव्हतं. मागं कोण आहे, कोण नाही, तिला सगळं सारखंच. पंप मागं पडला. पुलापाशी मीटरमधला शेवटचा आकडा डुगडुगला आणि नवा आकडा वर आला.

"फिरला, फिरला," सुतार मागून म्हणाला. "चुकलो काका. तुम्ही म्हणाल तो भाव."

काटेवाल्यांनी गाडी पुलावर थांबवली. इतके दिवस ते जे जपत होते, ते या गाडीत नव्हतंच. ते उतरले आणि चावी त्याच्या हातात ठेवली. "लेकीशी बोलून घ्या. आता तुम्ही चालवा."

"बसा मागं, घरी सोडतो."

जन्मात पहिल्यांदा ते त्या गाडीवर मागं बसले. समोर सुताराची पाठ, रस्ता मुळीच दिसत नव्हता. दिसत होत्या त्या फक्त बाजू. कालव्याकाठची झाडं, कुणाच्या तरी खिडकीत वाळत घातलेली पोराची टोपी, एक निळं दार. या रस्त्यावर निळं दार आहे हे बायको एकदा म्हणाली होती, आणि त्यांनी ठामपणे नाही म्हटलं होतं.

"इथं सोडा," पंप आला तसे ते म्हणाले.

"घर तर पुढं आहे."

"माहीत आहे मला."

सुतार गाडीचं कौतुक करत निघाला, करतच दिसेनासा झाला. काटेवाले हवेच्या नळाशेजारच्या बाकावर बसले. मघाशी त्यांनी आकडा दाखवायच्या नादात इकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. बाक तोच होता, रंग नवा. पंपावरच्या माणसानं विचारलं, "कुणाची वाट बघताय का?"

"नाही," ते म्हणाले, आणि तिच्यासारखंच देवाचं नाव घेत थोडा वेळ बसले. रस्त्यावरून गाड्या येत होत्या, जात होत्या. परत वळणारी एकही नव्हती. मग उठून ते रस्त्याच्या कडेनं घराकडे चालू लागले.